मोरी तुंबते तेव्हा

घरातील ज्या जागांवाचून आपले एक दिवसही चालत नाही, त्यांच्याकडे आपण वर्षानुवर्षे पाहत नाही. देवघर, बैठक, स्वयंपाकघर यांना घरात मान असतो. आल्यागेल्यास आपण ती कौतुकाने दाखवतो. मोरीला हा मान नाही. रोज सकाळी घरातील चार-सहा माणसे तिच्यावर उभी राहून आपापल्या अंगाचा मळ तिच्या स्वाधीन करतात आणि स्वच्छ होऊन बाहेर पडतात. त्या पाण्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न कुणालाही पडत नाही. तो पडतो, ते पाणी एके दिवशी पुढे जाण्याचे नाकारते तेव्हा. साबणाचे मळकट, कोमट पाणी घोट्यापर्यंत चढते. शाळेची, कचेरीची वेळ झालेली असते. आणि घरातील प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतो.

अशा प्रसंगी घरोघर जे होते ते वाचकांच्या परिचयाचे असेल. कुणी बादलीभर पाणी उंचावरून ओततो, कुणी खराट्याच्या काड्या भोकात खुपसतो, कुणी बाजारातून ॲसिडची बाटली आणवतो, आणि अखेरीस ‘कुणाला तरी बोलवा’ असा ठराव एकमताने संमत होतो. हा ‘कुणीतरी’ म्हणजे नेमका कोण, आणि तो येऊन काय करणार, याचा विचार त्या घाईत होत नाही. आम्हांस येथे दोनच गोष्टी सांगावयाच्या आहेत : हट्टाला पेटलेली मोरी घरच्या घरी, शांतपणे, कशी मोकळी करावी, आणि ते काम आपणच का करावे.

न्हाणीचा सापळा

नळकामाच्या दुकानात जाऊन मोरीच्या भोकाखाली बसवायचे भांडे मागितले, तर दुकानदार ‘न्हाणी ट्रॅप’ काढून देतो. हिंदी बोलणारा दुकानदारही हाच शब्द वापरतो, आणि आपल्या देशातील स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही तो जसाच्या तसा आढळतो. न्हाणे, न्हाणी, न्हाणीघर ही आपल्या आणि गुजराती बांधवांच्याही घरातील शब्दांची कुळी. मूळ संस्कृतातील स्नान. एवढा घरगुती शब्द इंग्रजी ग्रंथांत जाऊन बसला. मोरीचा शब्द म्हणून त्याचे कौतुक कुणी केले नाही, इतकेच.

‘ट्रॅप’ म्हणजे सापळा. परंतु या सापळ्यात पकडावयाचा असतो तो कचरा नव्हे, वास. नळी मुद्दाम वाकवलेली असते, त्यामुळे त्या वाकणात सुमारे दोन इंच पाणी सदैव साचून राहते. हे पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधील दार होय. गटारातील दुर्गंधी, विषारी वायू, झुरळे यांना ते दार ओलांडता येत नाही. ही युक्ती दिसावयास किती साधी! पण शौचपात्राच्या नळीला असे वाकण देण्याचे पेटंट ॲलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने १७७५ साली घेतले, तोवर मोठमोठ्या वाड्यांतही तो वास मुकाट्याने सहन केला जात असे.

अनेक घरांतील ट्रॅपमध्ये वाकणाऐवजी जाळीखाली एक सुटी वाटी बसवलेली असते. तिचे काम तेच. पाणी हळू जाऊ लागले की ही वाटीच काढून फेकून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. पाणी लगेच धावू लागते, घरातील मंडळी खूश होतात, आणि महिन्याभरात ‘न्हाणीघरात झुरळे फार झाली, वास येतो’ अशी तक्रार सुरू होते. दार काढून टाकल्यावर चोर आला म्हणून ओरडण्यात काय अर्थ?

तुंबते ते कशाने?

मोरी एका दिवसात तुंबत नाही. ती महिनोन्‌महिने तुंबत असते. आपल्याला कळते ते एका दिवशी. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. चार माणसांचे घर धरले, तर दिवसाला तीनशे आणि वर्षाकाठी लाखाच्या वर केस होतात. म्हणजे एका माणसाच्या डोक्यावरचे सगळे केस! ते सर्व मोरीत जात नाहीत हे खरे. परंतु नाहण्याच्या दिवशी त्यांतील मोठा वाटा तिकडेच जातो. एक केस जाळीतून निसटून वाकणात अडकतो, दुसरा त्याला धरतो, आणि पाहता पाहता तेथे एक दोरखंड वळला जातो.

नुसते केस असते तर पाणी त्यांतून वाट काढते. पण त्यांना जोड मिळते ती साबणाची. माळव्यातील बोअरच्या पाण्याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. साबण कितीही चोळा, फेस म्हणून येत नाही. खडकातून झिरपलेल्या या जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच नळीत आतून बसतो. इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी आले आणि पुष्कळ घरांचा हा जाच कमी झाला. तरी आजही जेथे बोअरचे पाणी वापरले जाते, तेथे मोरीचे दुखणे लवकर उद्भवते हा अनुभव आहे. या साक्यात अंगाचे तेल, डाळीचे पीठ, दिवाळीचे उटणे, शिकेकाईचा चोथा आणि शांपूच्या पुडीचा फाडलेला कोपरा मिसळला, म्हणजे गिलावा पुरा झाला. केस ही त्यातली काथ्या आणि साबण हा चुना, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या जुन्या घरांत हे दुखणे का नव्हते? न्हाणी परसाच्या बाजूला असे. तिचे पाणी दगडी पन्हळीतून उघड्यावर जाई आणि तेथे अळू, केळ, कर्दळ फोफावलेली असे. पन्हळीत काही अडकले तर ते दिसे, आणि जाता-येता कुणीही काठीने ते दूर करी. पाण्याचा मार्ग डोळ्यांपुढे होता. पुढे घरे माडीवर गेली, मजल्यांवर मजले चढले, पन्हळ फरशीखाली लपली आणि शॉवर आला. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहणाऱ्यास दोन बादल्यांहून कितीतरी अधिक पाणी लागते आणि ते सर्व त्याच जुन्या भोकातून जावे लागते. पाणी वाढले, वाट अरुंद झाली, आणि ती दिसेनाशीही झाली.

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडोच्या घरांतही विटांची न्हाणी होती आणि तिचे पाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारात जात असे. त्या गटारावरील विटा नि फरश्या साफसफाईसाठी उचलता येत असत. झाकावे, पण असे की उघडता येईल, हा शहाणपणा त्या लोकांपाशी होता. आज घराची दुरुस्ती करताना चेंबरच्या झाकणावर सुंदर लाद्या बसवून घेणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

आधी निदान, मग औषध

वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. मोरीचेही तसेच आहे. पाणी तुंबले की प्रथम हात आवरावा आणि तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, एकच मोरी तुंबली आहे की स्वयंपाकघरातील आणि शौचालयातील पाणीही अडते आहे? एकच तुंबली असेल तर अडथळा तिच्याच ट्रॅपमध्ये किंवा तिच्या नळीत आहे. सर्वच अडत असतील तर दोष पुढे, समाईक नळीत आहे.

दुसरा प्रश्न, बाहेरचे चेंबर काय सांगते? झाकण उघडून पाहावे. मोरी भरलेली आणि चेंबर कोरडे, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. चेंबरही काठोकाठ भरले असेल, तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे. मग मोरीत कितीही काड्या घातल्या तरी उपयोग नाही. मजल्यांच्या इमारतीत वरच्या मंडळींनी आंघोळ करताच खालच्यांच्या मोरीतून पाणी वर येऊ लागले, तर उभी नळी खाली कोठेतरी तुंबली आहे असे समजावे आणि सर्व बिऱ्हाडांनी मिळून तिची व्यवस्था करावी. एकमेकांवर आरोप करीत बसू नये.

तिसरा प्रश्न, पाणी हळूहळू मंदावले की एकाएकी थांबले? हळूहळू मंदावले असेल तर केस आणि साका हेच कारण. एकाएकी थांबले असेल तर साबणाची वडी, ब्रश, फडक्याचा बोळा असे काहीतरी आत गेले आहे. आणि साफ केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तुंबत असेल, तर नळीच्या उताराचा संशय घ्यावा. चार इंची नळीस चाळीस फुटांस एक फूट इतका उतार असावा, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा आहे. उतार मारला गेला की पाणी पुढे जाते आणि गाळ मागे राहतो. अंगणात पिंपळ किंवा वड असेल तर जुन्या नळ्यांच्या सांध्यांतून त्यांची बारीक मुळे आत शिरलेली सापडतात.

मोकळी करण्याची रीत

निदान झाले आणि अडथळा आपल्याच मोरीत आहे असे ठरले, की कामास लागावे. साहित्य फारसे लागत नाही. रबरी हातमोजे, पेचकस, विजेरी, जुनी बादली, वर्तमानपत्र, हातभर लांबीची जाडशी तार आणि लाकडी दांडीचा रबरी पंप, ज्याला दुकानदार प्लंजर म्हणतात.

प्रथम साचलेले पाणी तांब्याने उपसून बादलीत घ्यावे. जाळी काढावी, ती स्क्रूने बसवलेली असेल तर पेचकसाने सोडवावी. आत वाटी असेल तर ती उचलून घ्यावी. पुष्कळदा सगळे दुखणे या वाटीखालीच असते. विजेरी धरून पाहावे. तारेच्या टोकाला लहानसा आकडा वळवावा, तो आत सोडावा, दोन-तीन फेरे फिरवावा आणि हळूच वर ओढावा. केस तारेभोवती गुंडाळले जातात आणि काळी, ओली वेणीच्या वेणी बाहेर येते. दृश्य किळसवाणे असते, हे मान्य; पण तो आपल्याच घरातील माणसांच्या डोक्यावरचा ऐवज आहे, परक्याचा नव्हे.

येथे एक नियम मनात पक्का धरावा : ओढावे, ढकलू नये. काठी, सळई किंवा खराट्याच्या काड्या घालून कोंबण्यात सारी चूक आहे. बोळा हातभर अंतरावर असतो तोवर तो हाती येतो. ढकलून सहा हात आत गेला की तो कारागिराच्याही हाती लवकर येत नाही. बाहेर आलेले केस वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत. शौचालयात टाकले तर आजचे दुखणे उद्या तेथे उभे राहते.

तारेने भागले नाही तर पंप घ्यावा. त्याचेही एक शास्त्र आहे. रबराची कड बुडेल एवढे पाणी मोरीत असले पाहिजे, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्याच ट्रॅपला हात धुण्याच्या बेसिनची किंवा धुण्याच्या यंत्राची नळी जोडलेली असते. ती तोंडे ओल्या फडक्याने घट्ट बंद करावीत, नाहीतर सारा जोर तिकडून निघून जातो. मग पंप भोकावर नीट बसवून पंधरा-वीस वेळा सारख्या तालात खाली-वर करावा आणि शेवटी झटक्याने उचलावा. दाबण्याइतकेच वर खेचण्यालाही महत्त्व आहे. बोळा सैल होतो तो या आंदोलनाने. दोन-तीन वेळा असे करूनही यश आले नाही, तर स्प्रिंगची लांब तार आणून ती एकाच दिशेने फिरवीत आत सोडावी, अडथळा लागला की फिरवीतच राहावे, आणि मग परत ओढावी.

पाणी धावू लागल्यावर दोन बादल्या गरम पाणी सोडावे. ते न्हाण्याच्या पाण्याहून थोडे कढत असावे, उकळते नसावे. हल्लीच्या पीव्हीसीच्या नळ्या उकळत्या पाण्याने मऊ पडतात आणि सांधे सैल होतात. त्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवला तर तेलकटपणा सुटण्यास मदत होते. शेवटी वाटी, जाळी जागेवर बसवून तांब्याभर स्वच्छ पाणी ओतावे, म्हणजे ते दार पुन्हा लागते. सावकाश केले तरी या सर्वास अर्धा-पाऊण तास पुरतो.

बाटलीचा मोह

एवढी खटपट कशाला, दुकानात वीस-तीस रुपयांत बाटली मिळते, असे पुष्कळांस वाटते. आमच्या शेजारच्या एका घरी असेच झाले. मोरी तुंबली म्हणून चिरंजीवांनी ॲसिडची बाटली रिकामी केली. पाणी हलले नाही. तासाभराने सूनबाईंनी वास जावा म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणात डोळे झोंबणारा, छातीत भरणारा वायू न्हाणीघरात कोंडला आणि त्या खोकत खोकत बाहेर पडल्या. दारे-खिडक्या उघडल्या, त्यांना मोकळ्या हवेत बसवले, दवाखान्यात नेले. त्या सुखरूप आहेत. तो वायू क्लोरीन होता. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणांगणावर हाच वायू सैनिकांवर सोडण्यात आला होता. ॲसिड आणि ब्लीचिंग, किंवा ॲसिड आणि पांढऱ्या कपड्यांचे डाग काढण्याचे औषध, ही जोडी घरातील कुणाही माणसाने कधीही एकत्र आणू नये. शौचालय धुण्याच्या औषधातही ॲसिडच असते, हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी नळाचे काम करणारा एक वयस्क कारागीर आला. सगळी हकीकत ऐकून तो हसला आणि म्हणाला, “मास्टरसाब, तेजाब से बाल थोड़े ही गलते हैं। बाल तो हाथ से ही निकलेंगे।” रसायनशास्त्राचा एक धडा त्याने एका वाक्यात सांगितला. ॲसिड चुन्याचा थर विरघळवते. केस आणि तेलकट साका यांना ते दाद देत नाही. मात्र सिमेंटचे सांधे, लोखंडी जाळी आणि लाद्यांमधील भराव ते खाऊन टाकते. म्हणजे रोग तसाच राहतो आणि रोगी खंगतो.

केसांवर चालतो तो दाहक सोडा, म्हणजे कॉस्टिक सोडा. बाजारातील मोरी साफ करण्याच्या पुड्यांत बहुधा तोच असतो. परंतु पाण्यात पडताच तो प्रचंड तापतो, उसळतो, आणि कातडी व डोळे यांना भयंकर इजा करतो. मोरी केवळ मंदावली असेल तरच, पुडीवर लिहिल्याबरहुकूम, हातमोजे आणि चष्मा घालून तो वापरावा. पूर्ण तुंबलेल्या मोरीत तो घालू नये. तो तेथेच साचून राहतो आणि मागाहून हात घालणाऱ्याचा घात करतो. अलीकडे खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा उपाय पुष्कळ सांगितला जातो. फेस चांगला येतो आणि तो पाहून समाधानही वाटते. पण ते दोन पदार्थ एकमेकांसच निष्प्रभ करतात, आणि केसांचा बोळा होता तेथेच राहतो.

मागाहून हात घालणाऱ्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. बाटली ओतणारा दार लावून निघून जातो. ते पाणी मात्र कुणाची तरी वाट पाहत असते. कारागिरास बोलावलेच, तर आत काय ओतले आहे ते त्याला आधी सांगणे हे आपले कर्तव्य आहे. त्याचे हात आपल्याच हातांसारखे आहेत.

झाकणाखाली कोण उतरतो?

आता त्या ‘कुणीतरी’कडे वळू. अडथळा चेंबरच्या पुढे असला किंवा सेप्टिक टाकी भरली असली की आजही पुष्कळ ठिकाणी एका माणसाला बोलावणे जाते. शंभर-दोनशे रुपये अधिक देऊ केले जातात आणि ‘जरा उतरून पाहा’ असे सहज सांगितले जाते. या ‘जरा’मध्ये माणसाचा जीव जातो. बंद गटारात, टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा वायू साठतो. थोडा असेल तर त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते आणि माणसास वाटते, आता वास गेला. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. वर उभा असलेला सोबती, पुष्कळदा भाऊ किंवा मुलगा, त्याला वाचवण्यासाठी खाली उडी घेतो आणि तोही परत येत नाही. एका टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हाही गुन्हा ठरवला. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे, आणि ती केवळ नगरपालिकांस नव्हे, कोणत्याही व्यक्तीस, म्हणजे घरमालकासही, लागू आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. वीस-तीस वर्षे कायदा असूनही न्यायालयास भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ वाचकांनी आपल्या मनाशी लावावा. टाकी उपसावयाची असेल तर नगरपालिकेची किंवा खाजगी यंत्राची गाडी बोलवावी. माणूस उतरवू नये, आणि कुणी आपणहोऊन उतरू लागला तरी त्यास हात धरून थांबवावे.

हे काम अमक्यांचेच, आपले नव्हे, ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे, आणि तिच्याशी झगडलेली माणसेही आपल्यातच झाली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी असलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचे काम आपल्यालाही करू द्यावे अशी मागणी केली. ती उच्चवर्णीयास देता येत नाही म्हणून नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले आणि उपोषण आरंभले. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. गाडगेबाबांचा खराटा तर घराघरांतील मुलांनाही ठाऊक आहे.

आमच्या इंदुरातीलही एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. शहर प्लेगने हैराण झाले असता तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण केले. १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सांडपाणी वाहवून नदीत सोडण्यापेक्षा ते मातीस, बागांस द्यावे, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे आपल्या परसातील अळू-केळीचेच शास्त्र. याच मुक्कामात त्याने दिवाळीची एक आगळी मिरवणूक काढवली. ज्या भागातील लोक आपली घरे व अंगणे अधिक स्वच्छ करतील त्या भागातून ती जाईल असे जाहीर झाले आणि शहर झाडू घेऊन उभे राहिले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि स्वच्छ पोशाख केलेले, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगार मानाने चालत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत उघडे पडणारे नाले बंद करून सांडपाणी शुद्धीकरणाकडे वळवल्याचा तो परिणाम होता. कान्ह उज्जैनजवळ शिप्रेस मिळते, शिप्रा चंबळेस, चंबळ यमुनेस. इंदूरच्या मोरीतून निघालेले पाणी असे फार दूर जाते. ग्वाल्हेरच्या वाचकांनी स्वर्णरेखेकडे, वडोदऱ्याच्या वाचकांनी विश्वामित्रीकडे पाहून हाच हिशेब करावा.

घराचा नेम

मोरी तुंबू न देणे हे मोरी मोकळी करण्याहून सोपे आहे. डोके न्हाण्यापूर्वी केस विंचरून गळलेले केस डब्यात टाकावेत. जाळीवर जमलेले केस आंघोळीनंतर ज्याचे त्याने उचलावेत. मागाहून येणाऱ्यासाठी ठेवू नयेत. आठवड्यातून एकदा जाळी व वाटी काढून धुवावी, महिन्यातून एकदा सोड्याचे गरम पाणी सोडावे, आणि पावसाळ्यापूर्वी चेंबरचे झाकण उघडून पाहावे. दिवाळीत उटण्याचे स्नान झाल्यावर बादलीभर पाणी अधिक ओतावे. घर काही दिवस बंद ठेवले असेल तर परतल्यावर प्रथम मोरीत तांब्याभर पाणी घालावे, कारण ते पाण्याचे दार मधल्या काळात वाळून गेलेले असते.

आणि हे काम कुणी करावे? आपल्या घरांत ते न बोलता सूनबाईंकडे जाते किंवा धुणेभांडी करणाऱ्या बाईंवर ढकलले जाते. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर निबंध लिहवून घेतो. मुले सुंदर लिहितात. गांधीजी, गाडगेबाबा, सारे त्यात येतात. त्यांतील किती मुलांनी घरातील मोरीची जाळी उचलली आहे, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. दोष मुलांचा नाही. त्यांनी आपल्या वडिलांना ती उचलताना पाहिलेले नसते. येत्या रविवारी घरातील कर्त्या पुरुषाने हातमोजे चढवावेत, मुलाच्या किंवा मुलीच्या हाती विजेरी द्यावी, आणि पाणी कोठून कोठे जाते ते त्यांना दाखवावे. अर्ध्या तासाचे काम आहे. ते ज्यांनी एकदा आपल्या हातांनी केले, ते दुसऱ्या माणसास ‘जरा उतरून पाहा’ असे सहजासहजी सांगणार नाहीत.